साइन ऑनच्या आधी: जहाजावरच्या अधिकाऱ्यांची प्रमाणपत्रं कशी तपासायची

जहाजावर साइन ऑन करणाऱ्या, म्हणजे रुजू होणाऱ्या, अधिकाऱ्याकडे सीओसी (पदासाठीच्या पात्रतेचं प्रमाणपत्र) आहे, म्हणजे तो कुठल्याही जहाजावर चालतो असं नाही. हा माणूस, या पदावर, या देशाचा झेंडा लावलेल्या, एवढ्या टनेजच्या (आकारमानाच्या), या प्रकारच्या जहाजावर, आजच्या तारखेला चालतो का, हे कायद्याला कळायला हवं असतं. यातल्या एकाही मुद्द्यावर उत्तर 'नाही' आलं, तर बाकीचे कागद कितीही चोख असले तरी जहाज बंदरात अडकू शकतं.

या सगळ्याचा पाया म्हणजे एसटीसीडब्ल्यू, म्हणजे नाविकांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्रं आणि पहारा यांचा आंतरराष्ट्रीय करार. तो १९७८ साली झाला आणि २८ एप्रिल १९८४ पासून लागू झाला. १९९५ मध्ये तो जवळजवळ नव्याने लिहिला गेला. त्यानंतर २०१० मध्ये मनिला इथे मोठ्या दुरुस्त्या झाल्या आणि त्या १ जानेवारी २०१२ पासून लागू आहेत. कराराला जोडलेल्या संहितेचा 'ए' भाग बंधनकारक आहे, तर 'बी' भाग मार्गदर्शनापुरता. शिवाय जहाजावरच्या मनुष्यबळासाठी सोलास (समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा करार), कंपनीच्या व्यवस्थापनासाठी आयएसएम संहिता आणि नाविकांच्या हक्कांसाठी सागरी कामगार करार २००६ हेही सोबत लागू होतात. प्रत्येक झेंड्याचा देश (जिथे जहाजाची नोंदणी आहे तो) यावर आपले नियम घालतो. ते करारापेक्षा कडक असू शकतात, सैल असू शकत नाहीत. म्हणून पुढचे आकडे किमान मर्यादा समजायचे आणि आपल्या झेंड्याची परिपत्रकं वेगळी पाहायची.

युद्धनौका, मासेमारी जहाजं, व्यापारात नसलेल्या सहलीच्या नौका आणि जुन्या घडणीची लाकडी गलबतं या करारात येत नाहीत.

सुरुवात सेफ मॅनिंगपासून

बहुतेक जण आधी अधिकाऱ्याची फाइल उघडतात. हा क्रम उलटा आहे. आधी जहाजाचं मिनिमम सेफ मॅनिंग डॉक्युमेंट हातात घ्या. झेंड्याचं प्रशासन ते सोलासच्या पाचव्या प्रकरणातल्या १४ व्या नियमानुसार देतं आणि कुठल्या दर्जाचे किती अधिकारी असल्याशिवाय हे जहाज निघू शकत नाही, हे त्यात लिहिलेलं असतं.

पदांच्या तक्त्यावर थांबू नका, खालच्या अटीही वाचा. खरी मेख तिथे असते. एक, व्यापाराचं क्षेत्र: कागद किनारी सफरींपुरता असेल आणि चार्टर (भाड्याची सफर) लांबच्या बंदराचा आला असेल, तर संख्या आणि दर्जा दोन्ही बदलू शकतात. दोन, इंजिन रूमचा प्रकार: दिलेली संख्या बऱ्याचदा मानवरहित इंजिन रूम गृहीत धरून असते. अलार्म यंत्रणा बिघडली आणि चोवीस तास वॉच (पाळीने पहारा) ठेवायची वेळ आली, तर तेवढे इंजिनिअर पुरत नाहीत. अशा वेळी झेंड्याच्या प्रशासनाला कळवून वाढीव माणसं घ्यावी लागतात. तीन, कागदाची मुदत आणि त्यावरचं टनेज व किलोवॅट. जहाजात फेरबदल झाले किंवा नाव-झेंडा बदलला, तर जुना कागद निकामी होतो.

आणखी एक. हा कागद किमान संख्या सांगतो, पुरेशी संख्या नाही. रोज नवं बंदर धरणाऱ्या जहाजावर किमान माणसांत विश्रांतीचे तास बसवणं जवळपास अशक्य असतं. त्याचा हिशोब पुढे आहेच.

सीओसी वाचायची ती ओळीओळीने

प्रमाणपत्रावर करारातल्या नियमाचा क्रमांक छापलेला असतो, प्रकरणाचा आकडा रोमन अंकात. दुसरं प्रकरण डेकचं (जहाज चालवणाऱ्या विभागाचं), तिसरं इंजिनचं, चौथं रेडिओचं. डेकवर २/१ म्हणजे वॉच ठेवणारा अधिकारी, २/२ म्हणजे चीफ मेट (कप्तानाखालचा पहिला अधिकारी) आणि मास्टर (कप्तान), २/३ म्हणजे ५०० ग्रॉस टनेजखालच्या जहाजांचे. इंजिनकडे ३/१ वॉचचा इंजिनिअर, ३/२ आणि ३/३ चीफ व सेकंड इंजिनिअर, आणि ३/६ इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर.

डेकच्या मर्यादा ग्रॉस टनेजवर असतात, मुख्य टप्पे ५०० आणि ३,०००. इंजिनच्या मर्यादा किलोवॅटवर, टप्पे ७५० आणि ३,०००. इथे एक गफलत नेहमी होते. किलोवॅट म्हणजे जहाज ढकलणाऱ्या मुख्य यंत्रांची नोंदणी दाखल्यावरची एकूण कमाल सातत्य शक्ती. जनरेटरची शक्ती यात मिळवायची नसते. उलट दोन मेन इंजिनं असतील तर दोन्हींची बेरीज धरावी लागते. प्रत्येकी १,६०० किलोवॅटची दोन इंजिनं असलेलं जहाज ३,२०० मध्ये जातं, त्यामुळे ३,००० खालच्या मर्यादेचा चीफ इंजिनिअर तिथे चालत नाही.

त्यानंतर पदाचा आणि मर्यादांचा रकाना बघायचा. 'फक्त किनारी सफरी', 'इक्डिस असलेल्या जहाजावर नाही', 'फक्त मोटर जहाजं' असे शेरे तिथे बारीक अक्षरात असतात. इक्डिसचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशांच्या यंत्रणेचा, शेरा विशेष जपून वाचा. ज्याने ते प्रशिक्षण घेतलेलं नाही, त्याच्या प्रमाणपत्रावर ही मर्यादा घातलेली असते. आज इक्डिसवरच चालणाऱ्या जहाजावर असा अधिकारी ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या कक्षात) एकटा उभा राहूच शकत नाही. प्रशिक्षण असलं तरी त्या जहाजावरच्या विशिष्ट बनावटीच्या यंत्राची ओळख करून देणं ही कंपनीची जबाबदारी आहे, आणि त्याची नोंद फाइलमध्ये हवी.

सी टाइमचे आकडे

५०० ग्रॉस टनेज किंवा अधिकच्या जहाजावर डेक वॉचचा अधिकारी होण्यासाठी वय किमान १८ वर्षं हवं. मंजूर प्रशिक्षण कार्यक्रमातून आलेल्याला १२ महिने समुद्रसेवा लागते, आणि ती ट्रेनिंग रेकॉर्ड बुकात नोंदलेली असायला हवी. तो मार्ग नसेल तर ३६ महिने. दोन्ही वाटांनी गेलं तरी त्यातले किमान सहा महिने देखरेखीखाली ब्रिज वॉचचे असावे लागतात. इंजिनकडे, ७५० किलोवॅट किंवा अधिकच्या जहाजासाठी, वर्कशॉप आणि समुद्रसेवा मिळून १२ महिने लागतात. नाहीतर ३६ महिने, ज्यातले ३० इंजिन विभागातले. सहा महिने देखरेखीखालचा इंजिन वॉच इथेही आहेच.

पुढे ३,००० टनेजवरच्या जहाजाचा चीफ मेट व्हायला वॉचचा अधिकारी म्हणून १२ महिने लागतात. मास्टरसाठी ३६ महिने, पण त्यातले १२ चीफ मेट म्हणून झाले असतील तर २४ पुरतात. ३,००० किलोवॅटवरच्या सेकंड आणि चीफ इंजिनिअरचं गणितही असंच चालतं.

रेकॉर्ड बुक कोरं ठेवून शेवटच्या आठवड्यात सगळ्या सह्या घ्यायची सवय महागात पडते. एकाच पेनाने, एकाच तारखेला झालेल्या साठ सह्या परीक्षकाच्या लगेच लक्षात येतात आणि सहा महिन्यांचा वॉच सिद्ध करणं उमेदवारावर येतं. वॉचचे तास मास्टरच्या पत्रात वेगळे, तारखांसह लिहून घ्यावेत. 'डेक कॅडेट म्हणून सेवा केली' एवढंच लिहिलेलं पत्र पुरत नाही.

फ्लॅग एन्डोर्समेंट: सगळ्यात जास्त घोळ इथे

सीओसी एका देशाची आणि जहाज दुसऱ्या देशाच्या झेंड्याचं, ही आजची नेहमीची स्थिती. अशा वेळी झेंड्याच्या देशाने ती सीओसी मान्य करून स्वतःची एन्डोर्समेंट (मान्यतेचा दाखला) द्यावी लागते, नियम १/१० प्रमाणे. ही एन्डोर्समेंट मास्टर आणि अधिकाऱ्यांच्या सीओसीला लागते, जीएमडीएसएस (आपत्कालीन रेडिओ संपर्काच्या) प्रमाणपत्राला लागते आणि अधिकाऱ्यांच्या टँकर प्रमाणपत्रांनाही लागते. तिसरी गोष्ट बऱ्याच कार्यालयांतून सुटते.

एन्डोर्समेंट हातात यायच्या आधी अधिकारी जास्तीत जास्त तीन महिने काम करू शकतो, पण अर्ज केल्याचा पुरावा जहाजावर तयार असायला हवा. एजंटने पाठवलेला 'अर्ज केला आहे' असा ईमेल पुरावा ठरत नाही. झेंड्याच्या प्रशासनाने दिलेली पावती हवी आणि तिच्यावर नाव, पद, तारीख आणि जहाज किंवा प्रमाणपत्र क्रमांक असावा. ही सवलत रेडिओ ऑपरेटरला सरसकट लागू होत नाही, म्हणून जीएमडीएसएसचा अर्ज सगळ्यात आधी टाकावा.

मान्यता साखळीने पुढे जात नाही. म्हणजे पनामाची एन्डोर्समेंट दाखवून लायबेरियाची मिळत नाही. प्रत्येक झेंड्याला मूळ देशाची सीओसीच दाखवावी लागते. एन्डोर्समेंटची मुदत पाच वर्षांपेक्षा जास्त नसते आणि मूळ सीओसी संपली की तीही त्याच दिवशी संपते. सीओसीचं नूतनीकरण होऊन नवा क्रमांक आला, तर जुन्या क्रमांकावरची एन्डोर्समेंट लटकते. हा मामला कागदावर ठीक दिसतो आणि तपासणीत पकडला जातो.

आणखी एक चूक बढतीची. सेकंड ऑफिसरकडे चीफ मेटची सीओसी आहे, जहाजावरच बढती द्यायची ठरली, मास्टरने क्रू लिस्ट बदलली. पण एन्डोर्समेंटवर पद अजून वॉचच्या अधिकाऱ्याचंच आहे. त्या दिवसापासून जहाजाला चीफ मेट नाही असंच धरलं जाईल. बढतीच्या आधी अर्ज टाकून पावती जहाजावर पोहोचवा. व्यवस्थापन पातळीच्या पदांसाठी, म्हणजे मास्टर, चीफ मेट, चीफ आणि सेकंड इंजिनिअर, झेंड्याच्या देशाच्या सागरी कायद्यांचं ज्ञानही दाखवावं लागतं. काही प्रशासनं त्यासाठी छोटी परीक्षा घेतात. तो वेळ हिशोबात धरा.

सोबतची प्रमाणपत्रं

टँकरवर मास्टर, चीफ मेट, चीफ इंजिनिअर, सेकंड इंजिनिअर आणि माल हाताळणीची थेट जबाबदारी असलेला प्रत्येक जण यांना ॲडव्हान्स्ड टँकर प्रमाणपत्र लागतं. तेल, रसायन आणि द्रवरूप वायू यांची प्रमाणपत्रं वेगळी असतात. तेलाचं ॲडव्हान्स्ड घेऊन गॅस टँकरवर गेलेल्या सेकंड इंजिनिअरचा तिथे काही उपयोग नाही. ॲडव्हान्स्ड मिळवायला आधी बेसिक, मग त्या प्रकारच्या टँकरवर तीन महिने, आणि मग अभ्यासक्रम असा क्रम आहे. तीन महिन्यांऐवजी एक महिना जादा माणूस म्हणून राहून किमान तीन लोडिंग आणि तीन डिस्चार्ज करण्याची वाटही आहे, पण प्रत्येक फेरीची नोंद तारीख-बंदरासह हवी. कमी ज्वलनबिंदूच्या इंधनावर चालणाऱ्या, ध्रुवीय पाण्यात जाणाऱ्या आणि प्रवासी जहाजांसाठीही पाचव्या प्रकरणात स्वतंत्र प्रमाणपत्रं आहेत.

सहाव्या प्रकरणातलं बेसिक सेफ्टी सगळ्यांनाच लागतं. त्यातलं समुद्रात जीव वाचवण्याचं तंत्र आणि अग्निशमन, तसंच अधिकाऱ्यांचं सर्व्हायव्हल क्राफ्ट (जीवरक्षक नौका हाताळणं) आणि ॲडव्हान्स्ड अग्निशमन, यांतली क्षमता टिकून असल्याचा पुरावा दर पाच वर्षांनी द्यावा लागतो. १ जानेवारी २०२६ पासून बेसिकमध्ये लैंगिक छळासह जहाजावरची हिंसा आणि छळ रोखण्याचा भागही आला आहे.

वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. १८ वर्षांखालच्याला एकच वर्ष. रंगदृष्टीची तपासणी सहा वर्षं चालते. सफरीत मुदत संपली, तर मान्य डॉक्टर मिळेल अशा पुढच्या बंदरापर्यंत ते ग्राह्य धरतात, पण तीन महिन्यांच्या वर नाही. ही सवलत समुद्रावर असताना मुदत संपलेल्यासाठी आहे, संपलेलं प्रमाणपत्र घेऊन साइन ऑन करणाऱ्यासाठी नाही. चष्म्याचा शेरा असेल तर जादा जोडी केबिनमध्ये असावी. बंदरातला अधिकारी ती दाखवायला सांगू शकतो.

नूतनीकरण

सीओसी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. गेल्या पाच वर्षांत मिळून १२ महिने समुद्रसेवा, किंवा अर्जाआधीच्या सहा महिन्यांत तीन महिने, एवढं असलं की पुरतं. किनाऱ्यावर समकक्ष काम, मंजूर परीक्षा किंवा अभ्यासक्रम, अशाही वाटा आहेत. टँकरच्या प्रमाणपत्राला पाच वर्षांत तीन महिने त्या टँकरवर हवेत. बल्क कॅरियरवर (सुटा कोरडा माल नेणाऱ्या जहाजांवर) रमलेल्यांची टँकर प्रमाणपत्रं इथेच गळतात. सीओसी नवी झाली म्हणून बाकीची आपोआप होत नाहीत. प्रत्येकाची तारीख वेगळी लिहून ठेवायची.

विश्रांतीचे तास: बेरीज बरोबर, तरी नियमभंग

प्रमाणपत्र असलेला अधिकारी झोपेने पेंगत असेल, तर कायद्याच्या नजरेत तो वॉचसाठी उपलब्धच नाही. कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि कुठल्याही सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती हवी. ते १० तास जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक सलग सहा तासांचा, आणि दोन विश्रांतींमध्ये १४ तासांहून जास्त अंतर नको.

आता चीफ मेटचा एक दिवस घ्या. रात्री आठ तास झोपून तो पहाटे ४ ला उठला. ४ ते ८ वॉच. ९ ते १२ डेकची कामं. १६ ते २० वॉच. मध्यरात्री बंदर आलं, ०० ते ०३ स्टेशनवर (जहाज बांधायच्या जागी) उभा. पहाटे ४ ला पुन्हा वॉच. काम झालं १४ तास, विश्रांती १० तास. बेरीज अगदी काठावर बसते. पण विश्रांतीचे तुकडे बघा: एक तास, चार तास, चार तास, एक तास. तुकडे चार, सहा तासांचा एकही नाही. हा नियमभंग आहे. डेकची ९ ते १२ ची कामं त्या दिवशी रद्द केली असती, तर ८ ते १६ सलग आठ आणि २० ते २४ चार तास, म्हणजे दोन तुकड्यांत १२ तास मिळाले असते. तोडगा साधाच आहे, मात्र तो आदल्या सकाळी सुचायला हवा. बंदर धरून झाल्यावर विश्रांतीच्या तासांचं पत्रक भरताना काही हातात उरत नाही.

झेंड्याने परवानगी दिली असेल तर आठवड्याची मर्यादा ७० तासांपर्यंत खाली येऊ शकते, पण सलग दोन आठवड्यांच्या वर नाही, आणि दोन सवलतींमध्ये आधीच्या सवलतीच्या दुप्पट काळ जावा लागतो. तीन तुकड्यांची सवलतही आहे: एक सहा तासांचा, उरलेले किमान एकेक तासाचे, आणि सात दिवसांत दोनदाच. जहाज, माणसं किंवा माल यांच्या तातडीच्या सुरक्षेसाठी मास्टर वेळापत्रक बाजूला ठेवू शकतो. मग लवकरात लवकर भरपाईची विश्रांती द्यावी लागते आणि तीही नोंदवावी लागते. दर महिन्याला उगवणाऱ्या बंदराला आणीबाणी म्हणता येत नाही.

खोटं पत्रक पकडायला तपासनिसाला फार वेळ लागत नाही. तो डेक लॉग उघडतो: ०२:३० ला पायलट (बंदरात जहाज नेणारा वाटाड्या) जहाजावर. चीफ मेटच्या पत्रकात ०० ते ०६ विश्रांती. मग इंजिन रूमच्या अलार्मची यादी: ०३:१० ला अलार्म स्वीकारला, तो ड्यूटी इंजिनिअरने. त्याच्या पत्रकात ती रात्र अखंड झोपेची. म्हणून पत्रक रोज भरा, महिन्याच्या शेवटी नाही. प्रत खलाशाला द्यायची, सही त्याची आणि मास्टरची. दारूची मर्यादा रक्तात ०.०५ टक्के किंवा श्वासात लिटरला ०.२५ मिलिग्रॅम, कंपन्या बऱ्याचदा शून्यच ठेवतात.

माणूस कमी पडला तर

अधिकारी आजारी पडून उतरला आणि बदली मिळेना, तर झेंड्याचं प्रशासन तात्पुरती सूट देऊ शकतं. ती एका ठरावीक जहाजापुरती, एका ठरावीक माणसाला, सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि ज्याला द्यायची तो लगतच्या खालच्या पदासाठी पात्र असायला हवा. मास्टर आणि चीफ इंजिनिअरच्या जागी अशी सूट अगदी अपरिहार्य संकटातच आणि कमीत कमी काळापुरती मिळते. सूट लेखी हातात आल्याशिवाय जहाज हलवू नका. फोनवरचा होकार पुढच्या बंदरात दाखवता येत नाही.

तपासनीस आला की

पोर्ट स्टेट कंट्रोलचा (बंदराच्या देशाच्या तपासणी यंत्रणेचा) अधिकारी आधी सेफ मॅनिंग डॉक्युमेंट आणि क्रू लिस्ट समोरासमोर ठेवतो, मग प्रमाणपत्रं. प्रमाणपत्र मूळ स्वरूपातच जहाजावर हवं. १ जानेवारी २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्रही करारात बसतं, पण ते पडताळता येण्यासारखं असावं. मूळ कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र नव्हे. शंका आली तर तो देणाऱ्या देशाच्या नोंदीत ऑनलाइन पडताळणी करतो. हेच काम कंपनीने नेमणुकीआधी करून त्याची छापील प्रत ठेवली, तर बनावट प्रमाणपत्र जहाजापर्यंत पोहोचत नाही.

टक्कर, जहाज रुतणं, समुद्रात बेकायदा काही सोडणं किंवा वेडीवाकडी चाल, यांतलं काही घडलं असेल तर तो कागदांपलीकडे जाऊन वॉचची क्षमताही तपासू शकतो. प्रमाणपत्र नसणं, मॅनिंग अपुरं असणं, अत्यावश्यक यंत्र चालवणारा पात्र माणूस नसणं, किंवा निघताना पहिल्या आणि त्यापुढच्या वॉचसाठी विश्रांती घेतलेली माणसं नसणं, या त्रुटींमुळे धोका असेल तर त्या दूर होईपर्यंत जहाज थांबवलं जातं.

क्रू बदलताना म्हणूनच एक शिस्त ठेवा. नवा अधिकारी गँगवेवरून वर आला की आधी मास्टरने त्याची सीओसी, एन्डोर्समेंट किंवा पावती, जीएमडीएसएस, टँकर आणि वैद्यकीय प्रमाणपत्रं मूळ बघावीत. नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवावं. जहाजाची ओळख आणि हँडओव्हर झाल्याच्या नोंदीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. मगच जुन्याचा साइन ऑफ करावा. जुना अधिकारी विमानतळाच्या वाटेला लागल्यावर नव्याच्या कागदात खोट निघाली, तर त्या क्षणापासून जहाज सेफ मॅनिंगच्या खाली असतं.